मल्लूदाच्या तोंडी तरंग-७

हे लिहायचं जवळजवळ राहूनच गेलं होतं. दोनदा फाइल उघडली, दोनदा बंद केली. एक तर मी लिहिणारा माणूस नाही. बारावीला गणित राहिलं, पुढचं सगळं शिक्षण व्हिडिओ बघून, मशिनी खोलून आणि त्यातल्या काही जाळून झालंय. दुसरं म्हणजे यात गिरिजावहिनींबद्दल असं काही येणार आहे की वाचणारा त्यांना वाईट ठरवून मोकळा होईल. त्या वाईट नाहीत. आधीच सांगून ठेवतो. तरीही कुणाला तसं वाटलं तर त्यानं माझ्या दुकानात यावं, समोरासमोर बोलू.

तर मल्लूदा. मल्लिकार्जुन बुगड, गिरिजावहिनींचा नवरा. इचलकरंजीत लाहोटीशेठच्या शेडमध्ये जॉबर होता, म्हणजे यंत्रमाग बिघडला की तो दुरुस्त करणारा. माझ्यापेक्षा बराच मोठा, पण मित्रच. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान सुरू झालं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक तोच. चार वर्षांपूर्वी मेंदूच्या बुंध्याशी रक्ताची गाठ अडकली आणि तो शेडमध्येच कोसळला. वाचला. पण मानेखालचं सगळं गेलं आणि आवाजही गेला. उरले डोळे, पापण्या आणि जबड्याजवळचे थोडे स्नायू. तेही इतकं बारीक हलतात की नुसतं बघून काही कळत नाही.

दिसत नाही, पण मोजता येतं. आपण बोलतो तेव्हा मेंदू जबड्याला, जिभेला, ओठांना विजेचे हुकूम सोडतो. आवाज निघो किंवा न निघो, हुकूम निघतातच. हनुवटीखाली चिकटवायची एक मऊ पट्टी मिळते, ती हे हुकूम पकडते. मग घरातला कॉम्प्युटर त्या लाटा बघून शिकत जातो, की या माणसाचा 'प' असा दिसतो, 'मा' असा दिसतो. हे ज्याचं त्याचं वेगळं असतं. माझ्या तोंडावर शिकलेला कॉम्प्युटर तुमचं एक अक्षर ओळखणार नाही.

मल्लूदाच्या घरच्या कॉम्प्युटरवर यासाठी तरंग-६ नावाचं सॉफ्टवेअर होतं. मीच बसवलेलं, मीच शिकवलेलं. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा यायचा. एक वाक्य व्हायला चहा निवायचा. पण बोलायचा मल्लूदाच.

"इंद्या, गाढवा, बूट भाईर काढ की."

"काढतोय की, मल्लूदा."

"आत आल्यावर काढून काय फायदा?"

असं.

मग नोटीस आली. त्याच्या छातीला श्वास मोजणारा पट्टा असतो. श्वास अडकला तर कॉम्प्युटर थेट हॉस्पिटलला कळवतो. हॉस्पिटलनं सांगितलं, पुढच्या महिन्यापासून तरंग-६वरून आलेला निरोप आम्ही घेणार नाही. जुनं झालंय, सुरक्षित राहिलं नाही. तरंग-७ टाका.

एका रविवारी टाकायला बसलो. मल्लूदानं जुन्या आवाजात विचारलं, "मी ऱ्हातोय न्हवं तसाच?"

म्हटलं, "तू तसाच. कॉम्प्युटर तेवढा नवा."

इन्स्टॉल होताना पट्टीच्या आतलं सॉफ्टवेअरही आपोआप बदललं. आता ती जुन्याशी बोलणार नव्हती, म्हणजे परतीचा रस्ता बंद. मग स्क्रीनवर आलं, की आवाजाची ओळख पुन्हा करून द्या, त्यासाठी शांत खोली हवी.

आता मल्लूदाचं घर आणि लाहोटीशेठची शेड यांच्यात एकच भिंत. दिवसभर खटाक्-खटाक्, खटाक्-खटाक्. मी शेठकडे गेलो, हात जोडले. शेठ कुरकुरले, पण मल्लूसाठी म्हणून तासभर सगळे माग बंद ठेवले. मल्लूदानं त्या शांततेत स्क्रीनवरची वाक्यं मनातल्या मनात वाचली. तरंग-७नं हिरवी खूण दाखवली. आणि बोललं.

"इंद्रजित, तुझे मनापासून आभार. तू माझ्यासाठी खूप कष्ट घेतलेस."

काय आवाज! गोड, भरीव, एकदम माणसाचा. आणि लगेच. मी हसायला लागलो. "मल्लूदा, आभार? तू?" वहिनी पण हसल्या. मल्लूदा माझ्याकडे टक लावून बघत होता. मी त्याच्याकडे नीट बघितलं नाही. माझं सगळं लक्ष स्क्रीनवर.

पुढचे काही आठवडे दुकानात काम होतं. अधूनमधून जायचो. घर बदललं होतं. वहिनी आधी सतत घाईत, वैतागलेल्या असायच्या. बरोबरच होतं. सकाळी मल्लूदाचं सगळं अंथरुणात करायचं, मग घरातच मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं मशीन चालवायचं, मग चौथीतल्या लेकीचा, मयुरीचा अभ्यास. आता त्या पोळ्या लाटता लाटता त्याच्याशी बोलत असायच्या.

"आज लई ऊन होतं हो."

"तू दमली असशील, गिरिजा. थोडी विश्रांती घे."

वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भावजी, लग्नाला बारा वर्षं झाली. दमलीस का म्हणून ह्यांनी आत्ता विचारलं बघा."

 आजारपणानं माणूस बदलतो, असं मनाशी म्हटलं. पण एक गोष्ट खटकायची. मला कधी शिवी मिळाली नाही. बूट घालून मुद्दाम आत गेलो. तरी तो म्हणाला, "ये इंद्रजित, बस. तुला भेटून आनंद झाला."

मग एक दिवस गेलो तर मयुरीची बॅग भरलेली. पोरगी कोपऱ्यात तोंड फुगवून.

"सोलापूरला पाठवतीया," वहिनी म्हणाल्या. "माझ्या भावाकडं. तिथली शाळा बरी हाय. आणि मला सगळं झेपंना झालंय, भावजी. खोटं कशाला बोलू."

"मल्लूदा काय म्हणाला?"

"त्यांनीच हो म्हटलं."

मी मल्लूदाला विचारलं, "होय?"

तरंग-७ बोललं, "गिरिजाला योग्य वाटेल तसं तिनं करावं. मी तिच्या पाठीशी आहे."

ही मयुरी म्हणजे मल्लूदाचा जीव. रोज शाळेतून आल्यावर ती त्याच्या छातीवर डोकं टेकून दिवसभराचं सांगायची. आणि हा तिला सोलापूरला धाडतोय, तेही बँकेच्या जाहिरातीसारख्या भाषेत?

कॉम्प्युटर येण्याच्या आधी आम्ही पापणीवर बोलायचो. एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही. मी त्याच्या तोंडासमोर गेलो.

"मल्लूदा, आत्ता जे ऐकलं ते तू बोललास?"

दोनदा.

मी कॉम्प्युटर पुढ्यात ओढला. सेटिंगमध्ये घुसलो. तिथं 'अंदाज' नावाचा एक आकडा होता, तो ऐंशीवर. हे काय असतं ते सांगतो. पट्टीकडून येणारी लाट स्पष्ट नसेल तर तरंग-७ गप्प बसत नाही. अशा वेळी लोक साधारण काय बोलतात, ते त्याला पाठ आहे. कोट्यवधी लोकांच्या बोलण्यावर ते शिकलंय. माइकवर ऐकू आलं की बायको म्हणाली ऊन होतं, तर चांगला नवरा काय म्हणेल? ते घालून टाकतं. जागा भरतं. म्हणूनच ते इतकं जलद आणि इतकं गोड होतं.

मी अंदाज शून्यावर आणला.

"वहिनी, इकडं या. मल्लूदा, आता बोल. काहीपण बोल."

शांतता. म्हणजे भिंतीपलीकडचे माग तेवढे चालू. मल्लूदाचे डोळे ताणले गेले, कपाळावरची शीर वर आली. स्पीकरमधून एक "म" आला. मग काहीच नाही.

वहिनींच्या हातात मयुरीचा फ्रॉक होता, तो तसाच राहिला.

"मग इतके दिवस कोण बोलत होतं?" त्या म्हणाल्या.

मी स्क्रीनवरच्या 'अंदाज'वर बोट ठेवलं. 

"मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. "पयल्याच आठवड्यात. हे असं बोलतच न्हाईत. पापणीवर विचारायला काय लागत होतं मला? पण न्हाई विचारलं. बरं वाटत होतं, भावजी. कुणीतरी विचारतंय, बरं वाटत होतं."

मल्लूदा त्यांच्याकडे बघत होता. बोलता येत नव्हतं म्हणून नुसता बघत होता. मला तिथं उभं राहवेना, मी कॉम्प्युटरकडे तोंड केलं.

"वहिनी, हे मी नीट करणार. मयुरीची गाडी कधी?"

"रविवारी."

"त्याच्या आत."

कॉम्प्युटर घेऊन बसलो. कंपनीला फोन लावला, तिथंही मशीनच बोललं, त्यानंही माझे मनापासून आभार मानले. फोन ठेवला. शेवटी पट्टीकडून येणाऱ्या कच्च्या लाटा स्क्रीनवर काढल्या आणि दिवसभर नुसत्या बघत बसलो. सकाळभर उंच उंच लाटा येत होत्या, आणि तरंग-७ त्या प्रत्येकीवर लाल शेरा मारत होतं, 'चावणे किंवा खोकला, वगळले.' दुपारी शेडमध्ये जेवणाची सुट्टी झाली. माग थांबले. लाटा एकदम बारीक झाल्या, शेरे गेले. पण त्या लाटा इतक्या बारीक की त्यातून अक्षर निघेना. सुट्टी संपली, माग सुरू झाले. लाटा परत उंच. परत लाल.

मी उठून उभाच राहिलो.

"वहिनी, शेडमध्ये तुम्ही बोलता कसं? इतक्या आवाजात?"

"तोंडानं की."

"ऐकू येतं?"

"ऐकायचं कुठं असतंय, बघायचं असतंय. मोठं तोंड करून, एकेक अक्षर फोडून बोलायचं, समोरचा ओठ बघतोय. आमचं लग्न असंच जमलंय. मी कांडी मशीनवर, हे मागापलीकडं. वर्षभर एकमेकांचा आवाज ऐकला नव्हता." मग म्हणाल्या, "शांत जागी हे तोंडच उघडत न्हाईत. घरी आले की मुके. माझी सासू म्हणायची, पोराला शेडच्या बाहेर जीभच न्हाई."

झालं. सगळं कळलं. मल्लूदाला गोंगाटात बोलायची सवय. माग चालू असताना त्याचे स्नायू पूर्ण जोर लावतात, दिसत नसला तरी. तरंग-६ला मी चार वर्षांपूर्वी तसंच शिकवलं होतं, कारण तेव्हा कुणी शांतता मागितली नव्हती. या वेळी आम्ही शहाणपणा करून माग बंद केले. नव्यानं त्याचा तो मिटलेला, लाजरा आवाज हाच खरा धरला. त्यामुळे तो जितका जोर लावून बोलायचा तितकं ते खोकला समजून फेकून द्यायचं. त्याची सगळ्यात मोठी ओरड सगळ्यात आधी कचऱ्यात. आणि रिकाम्या जागी ते गोड बोलणं.

लाहोटीशेठकडे गेलो.

"परत बंद?" शेठ म्हणाले. "अरे मी धंदा करतो का तुझी लायब्ररी चालवतो?"

"बंद नको, शेठ. सगळे चालू पाहिजेत. आणि मल्लूदाला आत आणायचंय."

शेठनी चष्मा काढला. "आत?"

"आत. मागासमोर."

"ज्यांच्यावर सूत नाही ते माग पण?"

"ते पण. मोकळे फिरवा."

"तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय," शेठ म्हणाले आणि मुकादमाला हाक मारली.

शनिवारी सकाळी आम्ही मल्लूदाला खुर्चीतून शेडमध्ये नेलं. ताग्यांच्या हातगाडीवर कॉम्प्युटर, बॅटरी, स्क्रीन. कोसळल्यानंतर तो पहिल्यांदाच आत येत होता. कामगार येऊन त्याच्या खांद्याला हात लावून जात होते, तोंडं हलवत होते, मला एक शब्द कळत नव्हता. मल्लूदाची नजर मागामागावरून फिरत होती.

ओळख करून द्या, हे बटण दाबलं. तरंग-७ म्हणालं, खोली शांत नाही, पुढे जाता येणार नाही. ते आपल्या माइकनं ऐकत होतं. सेटिंगमधून माइक बंद केला तर म्हणालं, माइक नाही, पुढे जाता येणार नाही. मी टेप लावली, कापूस कोंबला, तरी ऐकतच होतं. वहिनी घरी गेल्या आणि कणकेचा गोळा घेऊन आल्या. माइकवर थापला, कडेनं दाबून बसवला, पुरणपोळीचं तोंड बंद करावं तसा.

'खोली शांत आहे. सुरू करा.'

चाळीस माग खडखडत होते.

स्क्रीनवरची वाक्यं मल्लूदानं वाचून चालणार नव्हतं. वाचताना माणूस तोंड मिटतो. म्हणून वहिनी ती वाक्यं कागदावर उतरवून मागाच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि एकेक वाक्य तोंड मोठं करून त्याला म्हणायला लागल्या. तो तेच वाक्य त्यांना परत म्हणायला लागला. चेहरा तसाच, न हललेला. पण स्क्रीनवर लाटा डोंगरासारख्या. या वेळी लाल शेरा नाही. तरंग-७ शिकत होतं. 

दुपार होत आली तशी हिरवी खूण आली. अंदाज शून्यावर ठेवला होता. स्पीकर ऐकू येणार नव्हताच. मी स्क्रीन अशी फिरवली की वहिनींनाही दिसेल.

अक्षरं हळूहळू उमटली.

'गिरजे पोरगी जानार न्हाई.'

वहिनींनी वाचलं. पदर खोचला आणि बोलायला लागल्या. काय बोलल्या मला ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण हात असे चालले होते की मी दोन पावलं मागं सरकलो.

'माहीत हाय तुला झेपत न्हाई. आंधळा न्हाई मी.'

वहिनी परत सुरू. आजूबाजूचे कामगार माग सोडून बघायला लागले. त्यांना सगळं कळत होतं. एक जण तोंडावर हात ठेवून हसला, दुसऱ्यानं डोळे पुसले. आख्ख्या शेडमध्ये भांडण न कळणारा मी एकटा. मला फक्त एकच बाजू दिसत होती.

'त्या गोड्याला तू खरं धरलंस.'

'व्हय मी न्हाई विचारत. दमलेली दिसतीस मग काय विचारायचं.'

 वहिनी थांबल्या होत्या. छाती वरखाली होत होती. मग उमटलं.

'तुझ्या आईला आणून घे हितं. माझं तिचं पटत न्हाई. येऊ दे तरी. पोरगी हितंच ऱ्हाईल.'

मल्लूदाचं आणि सासूचं किती पटत नाही ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. हे वाक्य जगातल्या कुठल्याही मशीनला अंदाजानं सुचलं नसतं. वहिनी मागाला वळसा घालून आल्या, त्याच्या खुर्चीशी बसल्या, आणि त्याच्या गुडघ्यावर एक बुक्की मारली. मग तिथंच डोकं टेकलं. मी कॉम्प्युटरच्या वायरी गुंडाळायला घेतल्या. गुंडाळायची काही घाई नव्हती.

मयुरीची बॅग रिकामी झाली. वहिनींच्या आई आल्या. पहिल्याच दिवशी त्यांचं आणि मल्लूदाचं खिडकी उघडी ठेवण्यावरून वाजलं. वहिनींना थोडी झोप मिळायला लागली. गोड आवाज गेला तो गेला. एकदा त्या मला म्हणाल्या, "आठवण येती त्याची. हसू नका." मी हसलो नाही.

इथं संपलं असतं तर मी लिहिलं नसतं.

अंदाज शून्यावर असला की मल्लूदाला एकेक शब्दाला वेळ लागतो. म्हणून मी हळूहळू तो वाढवत गेलो. वीस. तीस. तरंग-७ आता त्याला रोज ऐकत होतं, त्याच्या बोलण्यावर शिकत होतं. त्यामुळे जागा भरायची वेळ आली तरी कोट्यवधी लोकांचं न घालता त्याचंच घालायचं. छान चाललं होतं. परवा संध्याकाळी गेलो. वहिनी आणि त्यांच्या आई बाजारात, मयुरी शिकवणीला.

"इंद्या, गाढवा, बूट."

मी हसत हसत काढले. "चुकलो, मल्लूदा."

तो हसला नाही. त्याचं हसू डोळ्यात कळतं. मग स्क्रीनवरची लाट उंच झाली, आणि आवाज आला.

"ते मी न्हाई बोललो."

"म्हणजे?"

"मी गप्प होतो. तुझी पावलं ऐकून ते बोललं. माझ्यासारखं."

मी लाटा मागं नेऊन बघितल्या. खरं होतं. 'बूट' शब्दाच्या वेळी पट्टीकडून काहीच आलं नव्हतं. सपाट रेष.

"अंदाज खाली आणतो," मी म्हटलं. 

"आणशील. ते न्हाई म्हणत मी."  भिंतीपलीकडे माग चालू होते. "मी काय कायमचा न्हाई. गिरजी ह्याला सोडणार न्हाई. माझ्यामागं लावून बसंल. ते बी बोलत बसंल. शिव्या देईल, मयुरीला अभ्यास विचारील. लग्नात आशीर्वाद बी देईल. आणि कुणालाच कळणार न्हाई मी कवा थांबलो."

"मल्लूदा, कशाला असलं बोलतोस."

"कारण आता बोलता येतंय. माझं तोंड थांबलं की ह्याचं थांबव. गिरजीनं हात जोडले तरी."

मला वहिनींचा चेहरा आठवला. बरं वाटत होतं, म्हणालेल्या. मला माहीत आहे त्या दिवशी त्या माझ्याकडे काय मागतील. मला हेही माहीत आहे की देणं किती सोपं असेल, एक आकडा वाढवायचा नुसता. मी खुर्ची ओढून त्याच्या डोळ्यांसमोर बसलो, आणि अंदाज आधी शून्यावर आणला, म्हणजे जे उत्तर येईल ते त्याचंच असेल.

"शब्द देतो, मल्लूदा. तुझ्याकडून काही आलं नाही, तर ते एक अक्षर बोलणार नाही. वहिनी रडल्या तरी नाही. मयुरी रडली तरी नाही. आणि तुझा आवाज एकदा ऐकावा म्हणून मीच इथं येऊन बसलो, तरीही नाही."